मागच्या पानावरची ओळ

"आणि हो, मागचं पानही पाठवा हं," कोरियातल्या शाळांसाठी शिक्षक नेमणाऱ्या प्योबाई फोनवर अगदी सहज म्हणाल्या, आणि फेतूआओने फोन दुसऱ्या कानाला लावला. बस फांगातोंगोच्या बाजारापाशी उभी होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर दुसरी बाई बसली होती, तिच्या मांडीवर केळ्यांचा घड. बंदराच्या पलीकडून मासळीच्या कारखान्याचा तो वास येत होता, ज्याला पांगो पांगोच्या या बेटावर कुणी वास म्हणत नाही. "कुठलं मागचं पान?" फेतूने विचारलं, जणू पासपोर्टाला मागचं पान असतं हे तिला आत्ताच कळत होतं. "शेरे असतात ना, ते. नुसता उपचार हो टीचर, काळजी करू नका. इथे शुक्रवार उजाडलाय, मी लगेच आत देऊन टाकते." प्योबाईंच्या कोरियात नेहमीच उद्या असायचा. फेतूकडे अजून गुरुवारची दुपार होती, शाळा सुटली होती, गाडीत गाणं ठणाणत होतं. "पाठवते," असं म्हणून तिने फोन ठेवला आणि पर्स छातीशी धरली. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "काय टीचर, तोंड का पडलं? कोरियावाल्यांनी नवरापण बघून ठेवला की काय?" सगळी बस खो खो हसली. तीही हसली, कारण या बसमध्ये न हसणाऱ्या माणसाची चौकशी होते, आणि मग ती चौकशी उतरेपर्यंत थांबत नाही.

पासपोर्ट पर्समध्येच होता. गेला महिनाभर ती तो बरोबर घेऊन हिंडत होती, लहान पोर नवी पेन्सिल घेऊन हिंडतं तशी. निळं कव्हर, त्यावर सोनेरी गरुड, आत तिचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत अमेरिकेचं नाव. हे पुढचं पान प्योबाईंना केव्हाच गेलं होतं. पदवी गेली, बोटांचे ठसे गेले, डॉक्टरचा दाखला गेला, वर्गात शिकवतानाची फीत गेली. प्योबाईंनी लिहिलं होतं, तुमचे उच्चार इतके स्वच्छ आहेत की मी ती फीत दुसऱ्या शिक्षकांना दाखवते. त्या एवढ्या कागदांमध्ये मागचं पान कुणी मागितलं नाही, आणि तिने आपण होऊन दिलं नाही. लपवलं असंही नाही. बेटावर प्रत्येकाला ती ओळ ठाऊक असते, पाठीवरचा तीळ ठाऊक असतो तशी. असते, पण दिसत नाही, आणि दुसऱ्याने बोट लावल्याशिवाय आठवत नाही. कव्हर निळं आहे, गरुड आहे, आणखी काय हवं यांना? सगळं बेट असंच म्हणत आलं होतं, आणि बत्तीस वर्षांची, आठ वर्षं इंग्रजी शिकवणारी फेतूही तेच म्हणत आली होती. तिने गुडघ्यावर पासपोर्ट उघडला, बस खड्ड्यातून जात होती म्हणून पहिला फोटो हलला, दुसरा नीट आला. हा पासपोर्ट बाळगणारी व्यक्ती अमेरिकेची आहे, अमेरिकेची नागरिक नाही. एवढीच ओळ. तिने ती पाठवली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

बस नुउउलीच्या वळणाला आली तोच फोन पुन्हा वाजला. "टीचर, हे काय आहे?" या वेळी आवाजातला गोडवा कमी झाला होता. "तुम्ही अमेरिकन ना?" "हो तर." "मग नागरिक नाही असं का लिहिलंय?" "आमच्या बेटावर जन्मलेल्या सगळ्यांच्याच पासपोर्टावर लिहितात." "म्हणजे बेट अमेरिकेचं नाही?" "अमेरिकेचंच आहे." "आणि माणसं?" यावर काय सांगायचं? बेट त्यांचं आहे, माणसं त्यांची आहेत, झेंडा त्यांचा आहे, फौजेत जाताना पोरं त्यांची आहेत. "माणसंपण त्यांचीच," फेतू म्हणाली. प्योबाई म्हणाल्या, "आमच्या नियमात सात देशांची नावं आहेत, आणि त्या देशांचा नागरिक असं स्पष्ट लिहिलंय. मी आत विचारून आले. ते नाही म्हणाले, टीचर. मी काय करू सांगा?" "माझी शाळा पहिलीपासून इंग्रजीत झाली. पदवी होनोलुलूची आहे." "मला माहीत आहे ना. ज्याला तुमच्या जागी घेतील त्याला तुमच्या निम्मंही येत नसेल. पण त्याचं मागचं पान कोरं असेल." हे बोलून बाई स्वतःच ओशाळल्या. पुढच्या वर्षी बघू, नागरिक झालात की कळवा, तब्येत सांभाळा, असं काहीबाही बोलून त्यांनी फोन ठेवला. फेतूचा थांबा मागे गेला होता. बस थांबवायला घंटेचा दोरा ओढायचंही तिला सुचलं नाही. ती पुढच्या गावात उतरली आणि उन्हातून मागे चालत आली.

नागरिक व्हा म्हणे. कसं व्हायचं तेही बेटावर सगळ्यांना ठाऊक असतं. हवाईला किंवा पलीकडच्या मोठ्या मुलखात जायचं, तीन महिने तिथे राहायचं, मग परक्या देशातून आलेल्या माणसासारखा अर्ज करायचा, रांगेत बसायचं, आणि बोलावणं आलं की परीक्षा द्यायची. इंग्रजीची. साहेब एक वाक्य पुढे ठेवतो, ते वाचून दाखवायचं. एक वाक्य सांगतो, ते लिहून दाखवायचं. फेतूला रस्त्यातच हसू फुटलं. तिच्याकडे शिकलेल्या निदान दोन पोरी होनोलुलूत सरकारी नोकरीत होत्या. उद्या त्यांच्यातलीच एखादी टेबलामागे बसायची आणि म्हणायची, वाचा टीचर, घाबरू नका. ती एका नीरफणसाखाली थांबली, आणि रस्त्याकडच्या घरातून कुणीतरी हाक मारली, "जेवून जा गं!" ही हाक इथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मारतात. हाक मारणाऱ्याच्या घरात काही शिजलेलं असेलच असंही नाही. "जेवले!" ती ओरडली आणि पुढे निघाली.

बाबांचं थडगं दाराशीच होतं, वर पत्र्याचं छप्पर, पांढऱ्या टाइल्स, आणि बेटावर अमेरिकेचा झेंडा लागल्याच्या सणाला, झेंड्याच्या दिवशी, लावलेला छोटा झेंडा अजून तसाच. फेतू त्याच्या कट्ट्यावर टेकली, या घरात सगळेच टेकतात. बाबा फौजेत होते आणि त्यातली बरीच वर्षं कोरियात होते. तिथल्या थंडीच्या गोष्टी सांगायचे. बंदुकीचं लोखंड उघड्या हाताने धरलं तर कातडी चिकटून येते म्हणायचे, आणि फेतूला लहानपणी ते ऐकून हुडहुडी भरायची, इथल्या उकाड्यात. त्यांनी त्या सरहद्दीवर उभं राहून त्या लोकांची राखण केली, आणि त्यांचं मागचं पान कुणी मागितलं नाही. बंदूक धरायला नागरिक लागत नाही. मुळाक्षरं शिकवायला लागतो. आणि बाबांना तर नागरिक होता आलं असतं, अगदी हातातोंडाशी आलेला घास. फेतूच्या जन्माआधीची गोष्ट. होनोलुलूत शपथेची तारीख ठरली होती, गणवेश इस्त्री करून टांगलेला होता, आणि आदल्या दिवशी त्यांची एक चुलत आजी वारली. ज्या आजीला त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलं असेल. पण मयत म्हणजे मयत. बाबा आहेराच्या चटया आणि खारवलेल्या मांसाचे डबे खांद्यावर घेऊन तिकडे गेले, आणि शपथ राहिली. पुढे कधी घेतलीच नाही. घरात ही गोष्ट किती कौतुकाने सांगायचे! काय माणूस, सरकारचं बोलावणं सोडून मयताला आला! फेतूनेही ती वर्गात सांगितली होती, आपल्याकडे नात्याला किती किंमत आहे ते समजावताना. बाबांनी त्या दिवशी हात वर करून चार वाक्यं म्हटली असती, तर ती जन्मतःच नागरिक झाली असती. ज्या म्हातारीसाठी ते गेले, तिचं नावही आज घरात कुणाला आठवत नव्हतं. बाबा, तुमचं चुकलं, ती मनात म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, ते नसते गेले तर याच घरात त्यांच्या नावाने जन्मभर बोटं मोडली असती.

आणि मामा. आईचा मोठा भाऊ, कुळाचा तुलाफाले, कुळाच्या वतीने सभेत बोलणारा. त्याला किताब मिळाल्यापासून लोक त्याला ताउपुले म्हणत, जुनं नाव फक्त आई घेई, तेही रागावली तरच. काही वर्षांपूर्वी नागरिकत्व हवं की नको हे विचारायला अमेरिकेतून माणसं आली होती, तेव्हा मामा काठीवर भार देऊन उभा राहिला होता. खांद्यावर नारळाच्या काथ्याची चवरी, अंगाला तेल, आणि तो आवाज. आज आमची जमीन कुळाची आहे, म्हणाला, ती कुणी विकू शकत नाही, कुणी घेऊ शकत नाही. उद्या तुमचा कायदा येईल, तुमचा वकील येईल, हॉटेलवाला येईल, आणि आम्ही आमच्याच किनाऱ्यावर पाहुण्यांना टॉवेल देत उभे राहू. हवाईत जाऊन बघा, तिथल्या लोकांचं काय झालं ते. सगळ्या सभेने मान डोलावली. फेतूनेही टाळ्या वाजवल्या, आणि आजही कुणी विचारलं असतं तर मामा बरोबर होता असंच ती म्हणाली असती. तिचा जीव त्यामुळेच जास्त जळत होता. कुणीतरी चुकलेलं असतं तर त्याच्यावर चिडता आलं असतं. इथे सगळेच शहाणे, सगळेच बरोबर, आणि त्या सगळ्या शहाणपणाची बेरीज होऊन तिच्या एकटीच्या पासपोर्टावर बसली होती.

तिला कोरियाचं वेड होतं असं नाही. तिला एक खोली हवी होती. प्योबाईंनी फोटो पाठवला होता, शाळेच्या इमारतीजवळची छोटीशी खोली, एक पलंग, एक शेगडी, आणि जाड लोखंडी दार, आत गेलं की आपोआप बंद होणारं. फेतू तो फोटो पुन्हा पुन्हा उघडायची आणि फक्त दार बघायची. तिचं सगळं आयुष्य पडद्यांच्या घरात गेलं होतं. या घरात आतेभाऊ येऊन झोपतो, मावशी महिनाभर राहते, कुणीही तुझा साबण वापरतं, तुझा पगार कुणाच्या तरी मयताला, कुणाच्या तरी लग्नाला, देवळाच्या छपराला जातो, आणि तू कुरकुरलीस की म्हणतात, शिकलीस म्हणून शिंगं फुटली का? प्रेमात काही उणं नव्हतं. प्रेमानेच जीव नकोसा व्हायचा. एक वर्ष, फक्त एक वर्ष, कुणाची भाची नाही, कुणाची टीचर नाही, दार लावून गप्प बसायचं. एवढंच तिला हवं होतं, आणि एवढं मागायलासुद्धा तिला चांगली सबब लागली, ती म्हणजे नोकरी.

शुक्रवारी संध्याकाळी तिने आईला सांगितलं. आई ओट्यावर बसून नारळ खवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधेच एकदा "मेले ते कोरियावाले," म्हणाली, आणि पुन्हा खवायला लागली. "मग झालं तर. राहा इथेच. शाळेत अजून तुझ्या जागी कुणी आलं नाही." "नाही आई. मी सोमवारी जाणारच. तिकीट होनोलुलूपर्यंत आहेच. तिथे राहीन, अर्ज करीन, परीक्षा देईन. सात-आठ महिने लागतील. नागरिक झाले की मग जाईन." "परीक्षा कसली?" "इंग्रजीची." आईने हात थांबवला. "तुझी?" "माझी." दोघी हसल्या, आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि फेतूला वाटलं, आई आपल्या बाजूची आहे. "मात्र रविवारपर्यंत कुणाला बोलू नकोस गं. निरोपाची तयारी झालीय, डुकरं सांगून झालीयत. कोरियाने नाकारली म्हणून सगळ्या गावाने कीव करायची, ते मला नको. गेल्यावर मी फोनवर सांगीन." "बरं," आई म्हणाली. फार पटकन म्हणाली. थोड्या वेळाने ती उठली, ताटात मासा घेतला, वर केळीचं पान झाकलं आणि म्हणाली, "दादाकडे देऊन येते." ती बराच वेळ आली नाही. फेतू बॅग भरत होती, तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. भाऊ-बहीण बसले असतील बोलत, असंच तिने धरलं.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे पांढऱ्या कपड्यांत पाहुण्यांच्या फालेत, भिंती नसलेल्या खांबांच्या घरात, येऊन बसले. खांबाखांबाला पाठ टेकून कुळातले मोठे, वरच्या अंगाला पाद्री आणि त्यांची बायको, समुद्राकडच्या बाजूला बायका, टोप्या काढून वारा घेत. दगडाच्या भट्टीतून पानांची पुडकी निघाली, नारळाच्या दुधात शिजलेल्या अळूचा वास सुटला, डुकराचं कातडं कुरकुरीत झालं होतं. मधोमध फेतूला बसवलं. बायकांनी आहेराच्या, बारीक विणीच्या चटया आणल्या, मऊ, जुन्या, घड्या मोडताना पिसांची किनार थरथरणाऱ्या. एकेक चटई उलगडून सगळ्यांना दाखवली की सगळे "वाहवा" म्हणत, आणि ती तिच्या पुढ्यात ठेवली जाई. फेतूला वाटत होतं, थोडंच राहिलंय. मामा बोलेल, मी आभार मानीन, पाद्री आशीर्वाद देतील, आणि उद्या मी विमानात. मामा उठला. काठी टेकली, चवरी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकली. आधी पाद्र्यांना वंदन, मग गावातल्या किताबधाऱ्यांना, मग गेलेल्यांना, त्यात बाबांचंही नाव आलं. आणि मग आवाज बदलून तो म्हणाला, "आज आपण हिला निरोप द्यायला जमलो. पण निरोप द्यायचा नाहीये." फेतूने मान वर केली.

"परक्या देशाने हिला बोलावलं," मामा म्हणाला. "सोन्यासारखी नोकरी, स्वतंत्र घर. आणि शेवटच्या घटकेला म्हणाले, आधी तुझ्या बेटाचं नाव खोड. दुसऱ्यांची नागरिक हो, मग ये. माझी भाची काय म्हणाली? म्हणाली, नाव खोडणार नाही. मी इथली आहे, इथेच राहीन. हिचा बाप शपथ सोडून मयताला गेला होता, ही त्याचीच लेक!" फालेत एकदम हलकल्लोळ झाला. "वाहवा! वाहवा!" कुणी मांडीवर थाप मारली, एक म्हातारी उठून दोन पावलं नाचली. पाद्र्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मामा पुढे बोलतच होता. कुळाने ठरवलंय, विहिरीजवळचा, नीरफणसाची झाडं असलेला जमिनीचा तुकडा हिचा, तिथे ही घर बांधील, आणि येत्या झेंड्याच्या दिवसाआधी हिला कुळाचा किताब. शिकलेल्या बाईला किताब! तिने मामाकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, तो खांबांच्या मधून समुद्राकडे बघत होता. तो लबाडी करत होता का? तिला तसंही म्हणता येईना. तिने नाकारलेली म्हणून मान खाली घालून जावं, हे त्याला नको होतं, म्हणून त्याने तिला मान देऊन अडकवली. आणि तुलाफाले सभेत बोलला की ते झालं. ते खोटं म्हणायचं म्हणजे त्याला नाही, सगळ्या कुळालाच खोटं म्हणायचं.

फेतू उभी राहिली. पुढ्यातल्या ढिगावरची चटई घसरली, कुणीतरी ती हलकेच उचलली. आता आभार मानायचे असतात, वडीलधाऱ्यांच्या भाषेत, खाली मान घालून. तिला ते सगळे शब्द येत होते. "मी असं म्हणाले नाही," ती म्हणाली. साध्या, रोजच्या भाषेत. आवाज फुटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "मामा, मी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी मला नाकारलं. आणि मी उद्या जाणार आहे. मला जायचंय." खांबाला टेकलेल्या एका म्हाताऱ्याने पंखा हलवायचा थांबवला. पाद्र्यांच्या बायकोने मान तिरकी करून हळूच म्हटलं, "बिचारी, भरून आलंय तिला." फेतू तिच्याकडे वळली. "नाही हो, भरून नाही आलं. मी खरं सांगतेय. ऐका तरी!"

तेवढ्यात बायकांच्या बाजूने गाणं उठलं. इथे असंच करतात. बोलता बोलता कुणाचा कंठ दाटला, कुणी रडायला लागलं, की त्याची फजिती होऊ नये म्हणून कुणीतरी देवाचं गाणं उचलतं आणि बाकीचे साथ देतात. दुसऱ्या ओळीला पुरुषांचे खर्जातले सूर मिळाले, तिसऱ्या ओळीला सगळी फाले एका आवाजात गात होती, मामाही, काठी उभी धरून, डोळे मिटून. कुणी हात पुढे करून तिला खाली बसवलं, कुणी पाठीवरून हात फिरवला, मोठी चटई तिच्या खांद्यांभोवती लपेटली. ती बोलत होती, तिचे ओठ हलत होते, आणि जवळच्या बायकांना वाटलं की तीही गातेय. गाणं कुणी सुरू केलं ते बघायला तिने मान वळवली. आई होती. आई गुडघ्यांवर उठून बसली होती, तिचा सूर सगळ्यांच्या वर होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती सरळ फेतूच्या डोळ्यांत बघत होती. तिने फेतूचा शब्दन् शब्द ऐकला होता. कडवं संपलं, लोक थांबायला लागले, पाद्र्यांनी आशीर्वादासाठी हात उचलला. तेव्हा आईने श्वास घेतला आणि पुढचं कडवं धरलं.